शिंदे घाटावर बसून जुन्या जीपच्या गिअरबॉक्सचं निदान कसं करावं

या निदानाची पहिली अट म्हणजे जीप समोर नसावी. काशीत ही अट आपोआप पुरी होते. लढाईच्या काळातली विलीज असो की कालची मोटारसायकल, मैदागिन चौकाच्या पुढे गल्लीतल्या सांडालाच मान. तेव्हा जीप बाहेर लावावी, चालत शिंदे घाट गाठावा आणि सावलीची पायरी धरावी. जीप समोर असली की मालकाच्या हातात पाना येतो, आणि पाना आला की विचार थांबतो. शेजारीच मणिकर्णिका हा स्मशानघाट आहे. तिकडे फार वेळ पाहू नये. जुन्या गाडीच्या मालकाचं मन तसंही तिकडे लवकर वळतं.

आता गाडी खरोखर कोणती, हे स्वतःशी कबूल करावं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीपा बनल्या. त्यांतली प्रत्येक भारतातल्याच कुठल्यातरी काकांकडे आहे, असं काकांवरून वाटतं. युद्धातल्या जीपला टी-८४ हा तीन गिअरचा बॉक्स होता. युद्धानंतरच्या नागरी जीपला टी-९० आला. पुढे महिंद्रने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि सुट्या भागांची ददात मिटली. त्यामुळे बाहेरून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेली गाडी आतून माझगावची असू शकते. याने अपमान वाटून घेऊ नये, मात्र चुकीच्या बॉक्सचे भाग मागवू नयेत.

यानंतर खुद्द घाटाकडे पाहावं. कागलच्या घाटग्यांची लेक आणि दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधवला. बांधकाम इतकं जड झालं की ते स्वतःच्याच वजनाने खचलं. दगडाला कोणी दोष देत नाही, खालची जमीनच दबली. जीपवाल्यांमध्ये एवढा विवेक नसतो. कुठेही कुरकुर झाली की ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल लागतो, बॉक्स खाली उतरतो, आणि खरा दोषी बाहेर निवांत लोंबकळत राहतो.

हा दोषी बरेचदा एक साधी केबल असते. विलीजचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. क्लच दाबला की ते पुढे सरकू पाहतं, म्हणून त्याला मागून चासीशी बांधून ठेवणारी केबल दिलेली आहे. ही केबल सैल असते, नाहीतर मागच्या मालकाने ‘कशाला हवी’ म्हणून काढून टाकलेली असते. मग गाडी उठताना थरथरते, क्लच धड सुटत नाही, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो आणि बिल गिअरबॉक्सच्या नावावर फाटतं.

आवाजाचं निदान कान आणि डावा पाय यांनी करावं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच दाबावा. दाबल्यावर आवाज गेला तर संशय बॉक्सच्या बेअरिंगवर. दाबल्यावरच आला तर रिलीज बेअरिंगवर. चालत्या गाडीत पहिला टाकताना खरखर झाली, तर तो आजार ड्रायव्हरचा आहे. पहिल्याला दातांचा वेग जुळवणारा सिंक्रो मुळातच नाही. थांबून टाकावा, नाहीतर डबल क्लच शिकावा. पहिल्या गिअरचं ते गाणंही जन्मजात आहे, सरळ दातांची चाकं गातातच. समोर रत्नेश्वराचं देऊळ पिढ्यान् पिढ्या कललेलं उभं आहे (मुलाने आईचं ऋण फिटलं म्हटलं म्हणून कललं, असं म्हणतात). त्याला सरळ करायला कोणी जॅक घेऊन आलेलं नाही.

दुसरा गिअर निसटतो, ही मात्र खरी व्याधी. उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की दांडा उडी मारून न्यूट्रलला येतो. दांड्याखालच्या शाफ्टांना जागेवर धरणाऱ्या गोळ्या नि स्प्रिंगा, फोर्क, सिंक्रोचे दात, सगळे संशयित. पण आधी गिअरबॉक्सला मागून जोडलेल्या ट्रान्स्फर केसचं मागचं गोल झाकण उघडावं. गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट तिथवर येतो आणि त्याच्या टोकाला एक मोठा नट असतो. तो सैल झाला की शाफ्ट मागेपुढे खेळतो आणि दुसरा गिअर सुटतो. म्हणजे बदनामी एका पेटीची, नट दुसरीत.

तेलही तसंच वागतं. गिअरबॉक्सला साधारण ७०० मिली लागतं, ट्रान्स्फर केसला त्याच्या दुप्पट. पहिल्यात कमी भरलं तर लगेच गळती शोधत गाडीखाली झोपू नये; दुसरीत जास्त निघालं, तर ते शाफ्टच्या कडेने शेजारी राहायला गेलंय. जुनं तेल फडक्यातून गाळावं आणि गाळावर लोहचुंबक फिरवावं. चिकटला तो चुरा पोलादाचा, म्हणजे दात किंवा बेअरिंग. न चिकटणारी पिवळी चमक सिंक्रो रिंगांची. ती चमक दिसली की डब्यावर जीएल-४ लिहिलेलं नव्वद नंबरचं तेल आणावं. जीएल-५ मधली काही रसायनं पिवळ्या धातूला खातात. दुकानदार ‘वरचा नंबर म्हणजे चांगलं’ म्हणेल. त्याच्याकडे जीप नसते.

एवढं मनाशी ठरलं की उठून मैदागिनला परतावं. वाटेत बॉक्सबद्दल मत देणारे भेटतील, तेव्हा लस्सी पीत ऐकून घ्यावं. नट आवळायला त्यांतलं कोणी येत नाही. नट आवळूनही दुसरा निसटलाच, तर मिर्झापूर-रीवामार्गे घरी परततानाच्या उतारांवर दांडा उजव्या हाताने घट्ट धरून बसावं. गाडी लेफ्ट-हँड असल्यामुळे स्टिअरिंग तेवढा वेळ डाव्या हातात राहतं. हॉर्न शेजारी बसलेल्याने वाजवावा.