पोबारा

आमच्या हॉलमध्ये गेले कित्येक रविवार एक ड्रॅगन ताटकळत बसला आहे. तो कुणाला दिसत नाही, कारण तो माझ्या वहीत आहे. पण मी त्याच्यासाठी गुहा खणली, गुहेत सोनं भरलं, त्याला एका डोळ्याने अधू केलं आणि त्याच्या आजीच्या वाट्याची भाऊबंदकीसुद्धा तीन पानं लिहून काढली. त्याला मारायला निघालेली चार माणसं वाटेत एका सराईत चहाला म्हणून थांबली. ती अजून तिथेच आहेत आणि जुगार खेळताहेत. तो जुगार त्यांना मीच शोधून दिला.

सहकारी बँकेत तीस वर्षं लोकांची कॅश मोजून मी निवृत्त झालो, आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात भाच्याच्या कंपूची रविवारची सोय झाली. ही मुलं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी बाजारात आणलेला खेळ. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. गोष्ट सांगणाऱ्याला डीएम म्हणतात. यांचा डीएम नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, तू हो ना. तुला सरळ चेहऱ्याने थापा मारता येतात.” काउंटरवर बसून ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणायची सवय अशी कामाला येते.

भाचा मांत्रिक झाला. त्याचा एक मित्र चोर, दुसरा योद्धा; योद्ध्याला त्याची आई अजून पावसात सोडत नाही. चौथी एक मुलगी. ती गोष्टीत देवऋषी आहे आणि एरवी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करते. या दुसऱ्या माहितीकडे मी वेळीच लक्ष द्यायला हवं होतं.

सराईत शिरल्या शिरल्या चोराने विचारलं, “इथे जुगार चालतो का?”

“चालतो की,” मी म्हणालो.

“कुठला?”

आता आली का पंचाईत. त्या जगाला मी सात राज्यं दिली होती, दोन चंद्र दिले होते, एक उलटी वाहणारी नदी दिली होती. जुगार द्यायचा राहिला होता. माझी स्वतःची या क्षेत्रातली कारकीर्द म्हणजे दिवाळीत सासुरवाडीला खेळलेली तीन पत्ती, आणि तिथेही एकदा तीन दुऱ्या हातात असताना मी पॅक केलं होतं, दुऱ्या लहान असतात म्हणून. मेव्हणे अजून तो किस्सा लग्नाकार्यांत सांगतात. मी अड्ड्याचं नाव तेवढं ठोकून दिलं, ‘पोबारा’, आणि खेळाचं पुढच्या रविवारी सांगतो म्हणालो.

नाव मात्र झकास सुचलं होतं. सारीपाटात सहा, सहा आणि एक असं दान पडलं की पौ-बारा. खेळणाऱ्याला त्याच्याइतकं गोड दान नाही. आणि मराठीत ‘पोबारा करणे’ म्हणजे पळून जाणे. मालकाने पाटी एका अर्थाने लावावी, गिऱ्हाइकाने दुसऱ्या अर्थाने वाचावी.

आठवडाभर खपून मी ‘चांद्रचौसर’ नावाचा खेळ केला. सात रंगांची पानं, दोन चंद्रांच्या कला, आणि पौर्णिमा असेल तर एक्का मोठा, अमावास्या असेल तर दुरी. नियमांची फुलस्केप अकरा पानं झाली. रविवारी ती समजावून सांगायला पाऊण तास लागला, त्यात योद्धा झोपला आणि चोराने मोबाइल काढला. शेवटी भाचा हळूच म्हणाला, “मामा, कोण खेळेल रे हे? जुगारी माणसं दमून आलेली असतात.”

मला ते लागलं. चंद्रावर ठरणारा नियम कुणी खेळणार नाही म्हणतो! मग मी त्याला सावंतवाडीची गंजिफा सांगितली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, मिळून १२० गोल पानं. आकड्यांच्या पानांपैकी पाच रंगांत दहा मोठा, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. आणि पहिली उतारी कुणाची? डाव दिवसा बसला तर ज्याच्याकडे राम आला त्याची, रात्री बसला तर ज्याच्याकडे कृष्ण. म्हणजे खिडकीबाहेर बघून उतारी ठरवायची. सावंतवाडीच्या राजवाड्यात ही पानं अजून हाताने रंगवतात. मी दोन खोटे चंद्र टांगून जे साधू बघत होतो, ते इथे एका खऱ्या सूर्यात भागवलं होतं.

“मग तेच ठेव ना,” भाचा म्हणाला. पण डीएमलाही काही अभिमान असतो.

दुसऱ्या खेपेला मी सोपं करायचं ठरवलं. तीन फासे. प्रत्येकावर आकड्यांऐवजी सहा चित्रं: घुबड, मगर, विंचू, चांदणी, तलवार, मडकं. एका चित्रावर पैज लावायची. ते एका फाशावर आलं तर एकास एक, दोन फाशांवर आलं तर दुप्पट, तिन्हींवर आलं तर तिप्पट. लाकडी ठोकळ्यांवर स्केचपेनने मी स्वतः चित्रं काढली. मगर जरा पालीसारखी आली. पण खेळ असा सुटसुटीत की मीच माझ्यावर खूश झालो.

भाच्याने तीस सेकंद मोबाइलमध्ये डोकं घातलं. “मामा, हा आहे आधीच. ब्रिटिश आरमारातले खलाशी खेळायचे, क्राउन अँड अँकर. व्हिएतनाममध्ये नव्या वर्षाला खेळतात, त्यात खेकडा आणि भोपळा असतो.”

माझी मगर तेवढी नवी. इतका राग आला की अजून कुणी न काढलेला जुगार शोधायचाच म्हणून मी रात्री जागून वाचू लागलो. आणि वाचता वाचता मला काल्पनिक जगासाठी आजवर सापडलेलं सर्वांत सुपीक पुस्तक सापडलं. त्याचं मूळ नाव, मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७. जुगार म्हणजे काय काय हे सांगताना हा कायदा अशी यादी देतो की कादंबरीकाराने वही काढून बसावं. कापसाच्या भावावर लावलेली पैज. भावाच्या नुसत्या आकड्यांवर लावलेली पैज. पाऊस पडेल की नाही यावर, किती पडेल यावर. ‘किंवा इतर नैसर्गिक घटना’ हेसुद्धा आहे. सरकारने आधी लोकांची कल्पनाशक्ती बघितली असणार, मग घाबरून एकेक कलम लिहिलं असणार.

त्यातही कापसाचा प्रकार बघा. एके काळी मुंबईतला गिरणी कामगार न्यूयॉर्कच्या बाजारातून येणाऱ्या कापसाच्या भावावर आकडा लावायचा. त्याला न्यूयॉर्कशी देणंघेणं नाही. कापूस तो दिवसभर नाकातोंडातून खात असे, पण भावाशीही देणंघेणं नाही; हवा होता फक्त शेवटचा आकडा. पुढे तिकडचे भाव यायचे थांबले तर इकडचं अडलं का? मडक्यात चिठ्ठ्या टाकून काढू लागले, मडक्याचा मटका झाला, मग मडकं जाऊन पत्त्यांचा जोड आला, आणि नाव मटकाच राहिलं. शिलाँगला तर धनुर्धारी ओळीने बसून बाण सोडतात, निशाणाला लागलेले बाण मोजतात, आणि त्या संख्येच्या शेवटच्या दोन आकड्यांवर लोकांनी पैसे लावलेले असतात. हे तिथे कायदेशीर आहे. मी हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने ‘पटत नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं असतं.

शेवटी घुबड-मगरच चालू ठेवलं. पैशांऐवजी चिंचोके. आईच्या बरणीतून मूठ मूठ काढून प्रत्येकाला पन्नास दिले, अड्ड्याच्या गल्ल्यात पाचशे ठेवले. आणि इथे माझ्यातला कॅशियर आडवा आला. कुणी हरलं की मला वाईट वाटायचं. तेव्हा मी उदार होऊन जाहीर केलं, की दोन फाशांवर चित्र आलं तर दुप्पट नाही, तिप्पट; आणि तिन्हींवर आलं तर थेट दहापट.

देवऋषीने मान वर केली. “नक्की?”

“नक्की.”

तिने शेजारी पडलेलं लाइटबिल उलटं केलं आणि पेन मागितलं. तीन फासे २१६ तऱ्हांनी पडतात. त्यांतल्या १२५ वेळा आपलं चित्र येतच नाही, ७५ वेळा एकदा येतं, १५ वेळा दोनदा आणि एकदाच काय ते तीनदा. पहिल्या नियमाने १२५ जायचे आणि ७५, ३० आणि ३ मिळून १०८ यायचे. म्हणजे दर २१६ डावांमागे १७ चिंचोके निमूटपणे अड्ड्याच्या खिशात. तिने खाली रेघ ओढली. “आता काकांच्या नियमाने ७५, ४५ आणि १०. झाले १३०. गेले १२५. म्हणजे अड्डाच आपल्याला पाच देतो.” मग ती योद्ध्याकडे वळून म्हणाली, “आता इथून हलायचं नाही.”

तो रविवार सगळा गेला. पुढचाही गेला. फक्त ‘टाका’, ‘घुबड’, ‘टाका’. मी सराईच्या दाराशी एक जखमी दूत आणून पाडला. त्याने धापा टाकत सांगितलं की ड्रॅगनने राजकन्या पळवली. चोर म्हणाला, “त्याला बसायला सांगा, हा डाव होऊ दे.” २०१५ साली आलेल्या ‘द विचर ३’ या व्हिडिओ गेममध्ये नायक आपल्या हरवलेल्या मुलीला शोधायला निघतो आणि खेळणारे त्याला गावोगावी पत्ते कुटत बसवतात, असं भाच्याने माझं सांत्वन केलं. म्हणजे जगभर हेच आहे.

याच सुमारास आई येऊन बसली. चिंच फोडायचे दिवस. वर्षाची पाच किलो चिंच, समोर परात, हातात बत्ता. चिंच फोडायची, शिरा ओढायच्या, चिंचोका काढून बाजूला टाकायचा. “मलाही एक बाई कर की रे तुझ्या गोष्टीत,” म्हणाली. मी तिला सराईतली म्हातारी केलं आणि पन्नास चिंचोके दिले. ती दर डावाला घुबडावर पाच लावायची. यायची, जायची, जास्त करून जायची. पण ढीग काही उतरेना. उलट चढायला लागला.

माझ्या लक्षात आलं ते बोटांमुळे. पैजेचे चिंचोके उचलताना ते हाताला चिकटायला लागले. बघतो तर गर लागलेला, एकाला तर अख्खी शीर लोंबत होती. तीस वर्षं खोट्या नोटा दिव्यावर धरून पकडल्या, आणि इथे माझ्या समोर, माझ्या परातीत, टांकसाळ चालू होती.

“आई, हे खोटे आहेत!”

“खोटे कसे? चिंचेतून काढलेत.” तिने बत्ता खाली ठेवला नाही. “आणि तुझे खरे कुठून आले? माझ्याच बरणीतून ना?”

यावर रिझर्व्ह बँकेलाही उत्तर देता आलं नसतं. दोन रविवारांत सराईतला एका चिंचोक्याचा चहा वीस चिंचोक्यांना झाला. योद्ध्याने तलवार गहाण टाकली.

रात्री मी महाभारत काढून बसलो. म्हटलं, व्यासांनी द्यूत कसं मांडलंय ते तरी बघू. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या विलापाचं अख्खं सूक्त आहे. त्या काळी बेहड्याची फळं फासे म्हणून वापरत, आणि मोजून चार-चार बाजूला काढल्यावर काही उरलं नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन तर द्वापर, एक तर कलि. म्हणजे आपण ज्या युगात राहतो त्याला सर्वांत वाईट डावाचं नाव दिलेलं आहे, हे मला या वयात कळलं. पण सभापर्वात? तिथे नियम म्हणून नाहीच. पणाला काय लावलं ते सगळं आहे, मोत्यांपासून हत्ती-रथांपर्यंत, भावांपर्यंत, द्रौपदीपर्यंत. आणि मग दर वेळी शकुनी फासे टाकतो नि जिंकलो म्हणतो. झालं. फासे किती, दान कसं मोजायचं, एकास किती, अक्षर नाही. मी अकरा फुलस्केप खर्चून चंद्राच्या कला बसवल्या होत्या, आणि व्यासांना फक्त एक न उठणारा माणूस लागला होता.

पुढच्या रविवारी मी नियमांची वही माळ्यावर टाकून आलो. आईला सांगितलं, आता अड्डा तू चालव. तिने पहिलं काम काय केलं असेल, तर दर डावाला एक चिंचोका अड्ड्याची नाल म्हणून बाजूला काढायला सुरुवात केली. दुसरं, दहापट रद्द. देवऋषीने लाइटबिल पुढे केलं, तर म्हणाली, “बाळा, ते बिल भरायचंय अजून.” तासाभरात चौघं कफल्लक. चोराने पळायचा प्रयत्न केला, पण वीस बाजूंच्या फाशावर त्याचा एक पडला.

मला वाटलं, आता तरी ही ड्रॅगनकडे जातील. खिशात काही नाही, गुहेत सोनं आहे. मी वही उघडली, घसा साफ केला. तेवढ्यात आईने परात पुसून पालथी घातली, तिच्यावर मधोमध खडूने रेघ मारली आणि मोठ्याने विचारलं, “पुढच्या रविवारी ही पोरं त्या ड्रॅगनकडे जातील की नाही? बोला. उधारीवर घेते.”

‘इतर नैसर्गिक घटना’ यात हे बसतं का, याचा मी थोडा विचार केला. मग पाच चिंचोके ‘नाही’च्या बाजूला सरकवले.