समोरचे शॉकअप

समोरचे शॉकअप म्हातारे झाले तरी आरडाओरडा करत नाहीत. चकचकीत पाइपावर आधी तेलाचं एक बारीक कडं उमटतं, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि कुणी हलक्या हाताने काजळ घातल्यासारखी रेघ तयार होते. मग एखाद्या दिवशी ब्रेक दाबला की गाडी नको इतकी वाकते. पुण्यात कुणी कुणाला इतक्या अदबीने नमस्कार करत नाही, तेव्हा खरं तर तिथेच संशय यायला हवा. पण आपण महापालिकेला बोल लावून मोकळे होतो. खड्डे दिसतात, शॉकअप दिसत नाहीत.

आमच्या घरी थोरल्या भावाची आरएक्स १०० मोटारसायकल आहे. हे मॉडेल १९८५ साली आलं आणि १९९६ साली बंद झालं; ही मात्र अजून रोज हजेरी लावते. तीही अशीच वाकू लागली, तेव्हा मेकॅनिकने तिला डबल स्टँडवर घेतलं, मला मागे बसवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि शॉकअपची खालची टोकं दोन्ही हातांत धरून पुढे-मागे हलवली. मग एका हाताचं बोट वर हँडलखालच्या सांध्यावर ठेवून पुन्हा हलवून पाहिलं. कारण टोकं हलतात तो खेळ कधीकधी त्या सांध्यातल्या कोनसेटचा असतो आणि शॉकअप बिचारे फुकट बदनाम होतात.

आतला कारभार तसा साधा. नळीत सरकणारी नळी, एक लांब स्प्रिंग आणि तेल. धक्का आला की तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते, आणि त्या ओढाताणीत धक्क्याची ऊब होते. म्हणजे धक्का कुठे जात नाही, तेलात मुरतो. ही युक्ती बीएमडब्ल्यूने १९३५ साली आपल्या आर १२ गाडीवर आणली, पण आमच्या आत्याला ती उपजतच ठाऊक असावी. आजोबा आणि वडील एकमेकांशी थेट बोलत नसत, मधे आत्या असे. ओसरीवरून आजोबा गरजत, “त्याला सांग, या घरात अजून मी जिवंत आहे!” आत्या माजघरात जाऊन म्हणे, “दादा, अण्णा जेवायला थांबलेत.” मधल्या बारा-पंधरा पावलांत त्या वाक्याचं काय होई, ते तिलाच माहीत. आम्ही मुलं समजत होतो, आपलं घर मोठं शांत आहे.

मेकॅनिकने तेल काढलं. राखाडी, पातळ, वास मारणारं. भावाची पहिली नोकरी, वहिनीला मागे बसवून केलेल्या सिंहगडाच्या फेऱ्या, दवाखान्याच्या रात्री, सगळ्या वाटांचे हादरे त्या डब्यात येऊन बसले होते. आत्याचं तेल मात्र कधी कुणी बदललं नाही. शेवटी शेवटी ती भांड्याच्या आवाजानेही दचकायची आणि आम्ही म्हणायचो, हिचा स्वभाव अलीकडे चिडका झालाय.

“काका, पाइपला खड्डा पडलाय,” मेकॅनिक म्हणाला. तिळाएवढा, गंजाचा, डोळ्याला दिसेना, नखाला लागला. “नुसतं सील टाकून देतो म्हटलं तर देतो, पण हा खड्डा नवं सीलपण कापणार.” नाना पेठेतून पाइप आणि सील आणले. नव्या सीलवर जुनं सील उलटं ठेवून त्याने ते हलकेच ठोकत बसवलं. जाता जाता म्हाताऱ्याकडून तेवढंच शेवटचं काम.

तुमच्या गाडीचा एकच शॉकअप गळत असला, तरी सील दोन्हीकडची बदलून घ्या आणि तेल दोन्हींत सारखं मोजून घालायला सांगा. आणि गळणारं तेल ओघळून समोरच्या ब्रेकपर्यंत पोचायच्या आत गाडी गॅरेजला न्या.