काळी चारच्या जरा खाली

विकत घ्यायच्या वस्तूंमध्ये कॉम्प्रेसर ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. गिरणी गहू घेते आणि पीठ देते, घाणा शेंगा घेतो आणि तेल देतो. कॉम्प्रेसर हवा घेतो आणि हवाच देतो. मधल्या मधे विजेचं बिल येतं. तोरिचेल्ली नावाच्या इटालियन गृहस्थाने 1644 साली एका मित्राला पत्र लिहिलं, त्याचा आशय असा की आपण सगळे हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो. हे त्याने इतक्या सहज लिहिलं की जणू घराचा पत्ताच कळवत होता. त्याच तळाशी, सांगलीत, घरामागच्या पडवीत बसून मी हल्ली घागरभर समुद्र दाबून ठेवणाऱ्या यंत्राची चौकशी करत होतो, कारण आमचं जुनं यंत्र निवर्तलं होतं.

त्या पडवीला घरातली माणसं वर्कशॉप म्हणतात. म्हणताना त्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी हलतं, पण म्हणतात. तिथे मी लाकडाची कामं करतो. कुणाची आजीची पेटी, कुणाचं तीन पायांवर आलेलं स्टूल, कुणाचा देव्हारा. घासायचं, जोडायचं, मग स्प्रेगनने मेलामाइनचा हात मारायचा. जुना कॉम्प्रेसर एका बंद पडलेल्या गॅरेजातून आला होता. दोन अश्वशक्तीची मोटार, बेल्ट, एवढी मोठी पुली आणि तिच्यावर कधीकाळी असलेल्या लाल रंगाची आठवण. टाकीवरची धातूची पट्टी इतकी झिजली होती की तो कुठे आणि कधी जन्मला ते कळायला मार्ग नव्हता. आमच्याकडे आला तो असा, अनाथ आणि मोठ्या आवाजाचा.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात सामान वर नेण्याचा एक क्रम ठरला. कुणी ठरवला ते सांगायला नको. आधी हिचा तंबोरा वर गेला, मग माणसं. कॉम्प्रेसरला उचलणं दोघांच्याही ताकदीबाहेरचं होतं, तो खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर पडवीत गेलो तर तो गुडघाभर गाळात, पूर्वीच्याच जागी उभा. मोटार रिवाइंड करून घेतली, हेड उघडून साफ केलं, तेल बदललं, आणि बटण दाबल्यावर तो पूर्वीइतकाच मोठ्याने ओरडला. त्या दिवशी गल्लीत अजून वीज न आलेल्या घरांतून माणसं बघायला आली. आवाज ऐकून बरं वाटलं, असं शेजारच्या आजोबांनी म्हटलं. एरवी ते याच आवाजाविषयी तक्रार घेऊन यायचे.

म्हणजे पुराने तो गेला नाही. गेला तो वेगळ्याच पाण्याने. हवा दाबली की तापते. टाकीत जाऊन निवली की तिच्या पोटातलं बाष्प सुटतं आणि तळाशी पाणी साठतं. तीस अंशांच्या ओलसर हवेत घनमीटरमागे तीसेक ग्रॅम पाणी असू शकतं. आमच्याकडच्या जुलैत तर हवा म्हणजे पातळ केलेला पाऊसच. टाकीखालचा ड्रेन कॉक उघडला की आधी तपकिरी पिचकारी येते, मग वारा. पण पिचकारी येऊन गेली तरी चार थेंब मागे राहतातच, आणि लोखंडाला तेवढे पुरतात. एक दिवस टाकीच्या पोटाशी, वेल्डिंगच्या रेषेलगत, टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं आणि त्यातून बारीक शीळ ऐकू यायला लागली. मिस्त्री आले. त्यांनी हातोडीच्या दांड्याने टाकीवर हलके टिचक्या मारल्या, कान लावला, आणि एका जागी आवाज बसका आला तसं थांबले.

"आतनं खाल्लंय सगळं," ते म्हणाले. "ह्याला वेल्डिंग मारायचं न्हाई मालक. भोक बुजंल, पण पत्रा कागदागत झालाय. फुटला तर पडवी न्हाई ऱ्हायची." मग निघता निघता म्हणाले, "पुराचं पाणी दिसतंय तरी."

टाकी तपासायची असली तर तिच्यात हवा नव्हे, पाणी दाबून भरतात, हेही त्यांनीच सांगितलं. पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे टाकी तडकली तरी नुसती गळते, फुटत नाही. हवा मात्र दाबलेला राग धरून बसते. ज्या पाण्याने घात केला, परीक्षाही त्याच्याच हातात, हे मला विलक्षण वाटलं. मिस्त्रींना वाटलं नसावं, ते तोवर पैसे मोजत होते.

हवेवर चालणाऱ्या गोष्टींचा आणि पुराचा संबंध तसा जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये रस्त्यांतली आणि हॉटेलांतली घड्याळं दाबलेल्या हवेवर चालत. एका यंत्रघरातून जमिनीखालच्या नळांमधून दर मिनिटाला हवेचा एक धक्का जायचा आणि शहरभरचे काटे एका घराने पुढे सरकायचे. 1910 च्या जानेवारीत सीन नदीला महापूर आला, यंत्रघरात पाणी शिरलं आणि सगळ्या शहराची घड्याळं एकदम थांबली. योगायोग म्हणजे त्याच 1910 साली, इथून जवळच कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणून किर्लोस्करवाडी वसवायला घेतली. पुढे 1958 मध्ये पुण्यात त्याच घराण्याची हवा दाबायची यंत्रं करणारी कंपनी निघाली. हे सगळं मला कॉम्प्रेसर घ्यायला निघाल्यावर आठवलं. दुकानदाराला यातल्या कशाशीही कर्तव्य नव्हतं.

त्याला एकच माहिती हवी होती. "सर, वापर काय आहे?"

हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा साधा नाही. पंक्चरवाला सांगेल पंक्चर, पेंटर सांगेल गाड्या, दातांचा डॉक्टर सांगेल दात. मी म्हणालो, "घरीच. लाकडाचं काम." दुकानदाराने मान डोलावली आणि मला वाटलं सुटलो. पण लगेच पुढचा प्रश्न आला, "रोज किती तास?" मग त्याने समजावून सांगायला घेतलं. अश्वशक्तीवर जाऊ नका. अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट, मोटार किती खाते ते कळतं, हवा किती मिळते ते नाही. मिनिटाला किती घनफूट ते बघा. त्यातही पत्रकावर छापतात ते पिस्टन ओढतो तेवढे घनफूट. नळीच्या तोंडाशी येतात ते कमी, कारण थोडी हवा तापण्यात जाते, थोडी पिस्टनच्या माथ्यावर अडकते, थोडी रिंगांतून निसटते. एका अश्वशक्तीत तीन-चार घनफुटांपलीकडे आशा धरू नये. चांगली स्प्रेगन त्याच्या दुप्पट-तिप्पट हवा पिते. तेव्हा सर, तुम्ही किती वेळ फवारता?

मी मनात हिशेब केला. फवारणं असं वर्षातून काही वेळा होतं, दिवाळीच्या आधी जास्त. मग उरलेलं वर्षभर कॉम्प्रेसर काय करत होता? तर संध्याकाळी पाचनंतर फाटक वाजायचं आणि "काका, हवा!" अशी हाक यायची. गल्लीतल्या सायकली, एका आजोबांच्या चाकाच्या खुर्चीचे टायर, क्रिकेटच्या हंगामात काही नाही, पावसाळ्यात फुटबॉल. फुटबॉलला जेमतेम नऊ ते पंधरा पौंड दाब लागतो आणि आमची टाकी सव्वाशे पौंडांवर तयार होऊन बसलेली असायची. एका पोराच्या बॉलला रोज हवा लागते. बॉल गळत नाही, मी पाण्यात बुडवून पाहिलाय. आल्यावर तो आधी टाकीवरच्या गेजपाशी उकिडवा बसतो आणि काटा चढताना बघतो. काटा थांबला की उठतो. हवा भरून घ्यायची राहिली हे कधीकधी त्याच्या लक्षातही येत नाही. हा वापर पत्रकातल्या कुठल्या रकान्यात भरायचा, हे मला सुचेना.

हिला मी बरोबर नेलं नव्हतं, तीच आली होती. "आवाज मला ऐकायचाय," एवढंच म्हणाली. ते तिचं म्हणणं रास्तच होतं. तिचा रियाज आणि माझी फवारणी यांत एका भिंतीचं अंतर आहे. तंबोरा मिरजेचा. तिथल्या शिकलगारांनी एकेकाळी तलवारींना धार लावायचं काम सोडून भोपळ्यांना सूर लावायला घेतला, आणि त्या घरांतला तंबोरा घेताना माणसं अर्धा दिवस नुसती ऐकत बसतात. ही कॉम्प्रेसरच्या दुकानात त्याच तयारीने खुर्ची ओढून बसली.

"एकेक चालू करून दाखवा," ती दुकानदाराला म्हणाली.

त्याने आधी बिनतेलाचा, छोटा, चकचकीत कॉम्प्रेसर लावला. मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे. दुकानातल्या मांजराचा जीव गोदामात गेला. मग बिनतेलाचाच, पण कमी फेऱ्यांचा, ज्याला ते 'सायलेंट' म्हणतात. मग बेल्टवाला. प्रत्येकाच्या वेळी ही डोळे मिटून हलकेच 'सा' लावून बघत होती. दुकानदाराचा पोरगा हातातला पाना तसाच धरून उभा होता. शेवटी तिने डोळे उघडले. "सगळ्यांचा घुमारा एकच आहे. काळी चारच्या जरा खाली."

तिचा स्वर काळी चार. आणि तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, मोटारीतलं लोखंड दर हेलकाव्याला दोनदा थरथरतं, म्हणजे शंभर कंपनं. पेटीवर खालच्या सप्तकातली पांढरी पाच अठ्ठ्याण्णवला, काळी चार एकशेचारला. शंभर म्हणजे दोघींच्या मधे, कुणाचाच नाही असा स्वर. आणि कुठलंही यंत्र घेतलं तरी त्यातून सुटका नाही. 2013 च्या डिसेंबरअखेरीस दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं तेव्हापासून तर काश्मीरमधला पाण्याचा पंप, केरळातला फ्रीज, आमच्या कोपऱ्यावरचं रोहित्र, सगळे मिळून एकच षड्ज धरून बसलेत. एवढा मोठा तंबोरा जगात क्वचितच कुणी जुळवला असेल, आणि तोही नेमका हिच्या सुराला उतरवणारा.

"मग स्वर सोडून द्या," मी म्हणालो. "दुसरं काय ऐकायचं?"

"लय," ती म्हणाली, आणि पुन्हा बेल्टवाल्याकडे वळली. त्याचा पिस्टन सावकाश चालतो. भक्, भक्, भक्, मधे जागा सोडून. तिने मांडीवर बोटांनी मात्रा मोजल्या. चार आवर्तनं झाल्यावर म्हणाली, "याला ठाय आहे. बाकीचे नुसते धावतात." दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगून पाहिलं की काकू, याचं तेल बघावं लागेल, बेल्ट ताणावा लागेल, बिनतेलाच्याला काही बघावं लागत नाही. ती म्हणाली, "जे बघावं लागत नाही ते यांना आवडत नाही." हे माझ्याविषयी होतं की कशाविषयी, ते मी विचारलं नाही.

एक अश्वशक्ती, सत्तर लिटरची टाकी. स्प्रेगनसाठी कमी पडेल, थांबत थांबत फवारावं लागेल, असं दुकानदार म्हणाला. देव्हाऱ्यांना घाई नसते. किमतीत त्याने एक रुपया सोडला नाही. फुटबॉलच्या दोन सुया मात्र पुडीत बांधून तशाच दिल्या.

रविवारी यंत्र पडवीत बसलं. टाकी अशी कललेली ठेवली की पाणी ड्रेनकडेच उतरावं. रोज कॉक उघडायचं काम कुणाकडे द्यायचं यावर चर्चा झाली नाही, कारण फुटबॉलवाला आधीच येऊन गेजसमोर उकिडवा बसला होता. बटण दाबलं. पूर्वीचं यंत्र दोन-तीन मिनिटांत टाकी भरायचं. याला पाच-सहा लागतात. काटा आरामात निघाला. फुटबॉलवाला बराच वेळ काही बोलला नाही. मग मान वर करून विचारलं, "काका, हा जुन्यापेक्षा हळू चढतो?"

"हो रे. लहान आहे ना."

"मग हाच बरा आहे," तो म्हणाला, आणि नीट मांडी घालून बसला.