ट्यूबरावांचं सोवळं

गिटारवाल्यांच्या कोणत्याही कट्ट्यावर एक ट्यूबराव सापडतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत नाहीतर आयटीत, आणि इतरांच्या हॉलमध्ये जिथे शोकेस असते तिथे यांच्याकडे फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा गिटारचा अँप. ८५ वॉट, २९ किलो. तो तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालाने जिन्यात टेकून विचारलं होतं, "साहेब, तिजोरी आहे का?" आयुष्यात मिळालेली एवढी मोठी दाद ट्यूबराव अजून विसरलेले नाहीत.

त्यांचं मत एका ओळीत मावतं. आवाज काढावा तो काचेच्या ट्यूबनं. ट्रान्झिस्टर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला ठीक. पण हे मत ते पाळतात ते आजीच्या सोवळ्याच्या कडकपणानं. पाहुणा आला की आधी पॉवरचं बटण, मग बऱ्याच वेळानं स्टँडबायचं. मधल्या काळात गिटारला हात लावायचा नाही. "तापू दे," ते म्हणतात. वहिनींचा चहा तेवढ्यात होतो आणि पिऊनही होतो. मग पेन्सिलीच्या टोकानं एकेका ट्यूबला टकटक. स्पीकरमधून घणघणाट आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली, म्हणजे काढायला आली. काढलेली ट्यूब ते फेकत नाहीत. शोकेस नाही म्हणून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवतात.

आता ट्यूबचा गोडवा खोटा नाही, हे मीही मान्य करतो. ट्यूबला झेपेनासं झालं की सिग्नलचे माथे एकदम सपाट न होता हळूहळू गोलावतात, त्यातून कानाला सुखावणारे जास्तीचे स्वर उमटतात. पण त्यासाठी ट्यूबला राबवावं लागतं. ट्विन तर मुळात स्वच्छ आवाजाबद्दल प्रसिद्ध. त्यातल्या चार ६एल६ ट्यूबांना घाम फुटायचा तर आवाजाचा नॉब पार वर न्यायला हवा. ट्यूबरावांचा नॉब दीडवर असतो, कारण खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. मग ती घोगरी, भरीव गुरगुर येते कुठून? पायाखालच्या हिरव्या पेडलमधून. पेडलचं नाव ट्यूब स्क्रीमर. त्याच्या पोटात ट्यूब औषधालाही नाही. एक बोटभर चिप आणि दोन डायोड. हे कुणी काढलंच तर ट्यूबराव म्हणतात, "त्याची गोष्ट वेगळी."

वेगळ्या गोष्टी त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. 'सॅग'बद्दल ते डोळे मिटून बोलतात. वीजपुरवठ्यातला रेक्टिफायर ट्यूबचा असला की तार जोरात छेडल्यावर व्होल्टेज क्षणभर बसतं आणि सावरतं, त्यानं स्वराला एक लवचीकपणा येतो. हे सगळं खरं; फक्त ट्विन रिव्हर्बमध्ये १९६३ पासून रेक्टिफायर सिलिकॉन डायोडचाच आहे. मार्शलनंही साठच्या दशकातच तिथली ट्यूब काढून डायोड बसवले. म्हणजे सोवळं नेसलेल्या या अँपच्या पुढे चिप आणि मागे डायोड.

ट्यूबरावांची श्रद्धा मात्र मुलार्डच्या ट्यूबांवर. मुलार्ड म्हणजे अस्सल विलायती! हल्ली त्या नावाच्या नव्या ट्यूबा रशियातल्या सारातोवच्या कारखान्यात होतात. २०२२ च्या मार्चमध्ये युद्धामुळे रशियानं निर्यात अडवल्याची बातमी आली तेव्हा ट्यूबराव आधी लॅमिंग्टन रोडला धावले. आमच्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एकेकाळी बनवलेल्या ट्यूबा कुठल्या तरी माळ्यावर असतील, अशी त्यांना आशा होती. दुकानदारानं त्यांना एलईडीच्या माळा दाखवल्या.

त्यांचे एक जुने मित्र बेस वाजवतात. बेसवाल्यांचं दुःख निराळं. १९६९ साली आलेला अँपेगचा एसव्हीटी म्हणजे ३०० वॉट, १४ ट्यूबा आणि नुसतं डोकंच ३८ किलोच्या आसपास; स्पीकरची पेटी वेगळी. मित्रांनी तरुणपणी तो भाड्यानं आणून वाहिला, मणक्याच्या डॉक्टरांची फी भरली आणि आता पाठीवरच्या पिशवीत मावणारा क्लास-डी अँप घेऊन ते लोकलनं कार्यक्रमाला जातात. त्यांनीच एके संध्याकाळी खिशातून एक नग काढून टेबलावर ठेवला. १२एएक्स७ या लहान ट्यूबची जागा घेणारा, तशाच नऊ पिनांचा, पण सॉलिड-स्टेट. आत फेट जातीचे ट्रान्झिस्टर, आणि ट्यूबच्या प्लेटवरचे अडीचशे-तीनशे व्होल्ट झेपतील अशी मांडणी.

ट्यूबरावांनी तो चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. "यात उजेड कुठाय?"

"उजेड कशाला हवा? फिलामेंटच नाही. बटण दाबलं की तयार."

"मग तापेपर्यंत काय करायचं?"

"वाजवायचं."

हे उत्तर ट्यूबरावांना उद्धटपणाचं वाटलं. मित्र हटले नाहीत. "अरे, सत्तरच्या दशकात मेसा बूगीनं अँपमध्ये फेट्रॉन बसवले होते. तीही फेटचीच ट्यूब. घणघणायची नाही म्हणून. आणि उजेडाचं काय सांगतोस, तुझ्या प्रीअँपच्या ट्यूबांवर पत्र्याच्या टोप्या आहेत. त्यात तुझा अँप भिंतीकडे पाठ करून बसलाय."

ट्यूबराव उठून अँपच्या मागे वाकून पाहून आले. टोप्या होत्या.

वास्तविक वाद घालायला जागा होती. लहान ट्यूबांची नक्कल फेटला बरीच साधते; आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरशी झोंबणाऱ्या मोठ्या ट्यूबांचं तसं नाही. हा मुद्दा त्यांनी मांडला असता तर मित्र गप्प झाले असते. पण ट्यूबरावांनी "हाताला जिवंत लागत नाही" असं काहीतरी काढलं आणि बाजी घालवली.

शेवटी वहिनींनी तह घडवला. "भावजींनी एवढं आणलंय तर लावा कुठेतरी." बऱ्याच विचारानंतर नवीन नगाला व्हायब्रॅटोच्या सॉकेटात जागा मिळाली. व्हायब्रॅटो ट्यूबराव कधी लावत नाहीत, आणि स्वराची वाट त्या सॉकेटातून जातही नाही.

पुढच्या रविवारी आलेल्या पाहुण्याला त्यांनी दोन स्वर वाजवून दाखवले, मान हलवली आणि म्हणाले, "बघितलंत? त्या दिवसापासून जरा कोरडा वाजतोय."