अधिवेशनाला जाताय? तपासणीचा शेरा सोबत घ्या

ग्रंथालय संघाचं अधिवेशन आलं की गावोगावच्या वाचनालयांतून अध्यक्ष निघतात, फार तर सचिव. ग्रंथपाल गावातच राहतो. कुणीतरी वाचनालय उघडायला हवं ना! वर्षभर दाखल नोंदवही लिहिणारा, देवघेव सांभाळणारा, अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणारा माणूस घरी, आणि ज्यांनी ती नोंदवही कधी उघडली नाही ते मंडपात. ही पद्धत चूक आहे. ढाणकीच्या बाजूच्या कुठल्याही वाचनालयाला एकाच माणसाच्या भाड्याचे पैसे परवडत असतील, तर ग्रंथपालाला पाठवा. वाचनालय चार दिवस अध्यक्षांनी उघडावं. कपाटातलं काय वाचलं जातं, तेही कळेल.

आपल्या भागाची अडचण आणखी वेगळी आहे. बाजाराला, मोठ्या दवाखान्याला आपण नांदेड गाठतो. कागद मात्र आधी यवतमाळला आणि तिथून अमरावतीला जातो. पैनगंगा ओलांडली की हिमायतनगर. पण तो मराठवाडा. त्यांचा जिल्हा वेगळा, महसुली विभागही वेगळा. तिकडच्या वाचनालयाचा सचिव ज्या अडचणीने हैराण आहे तीच आपली अडचण असू शकते. जिल्ह्याच्या बैठकीत मात्र तो कधी दिसणार नाही. तो भेटतो राज्याच्या अधिवेशनात. म्हणून मंडपात शिरल्यावर उमरखेड-पुसदच्या ओळखीच्या माणसांत जाऊन बसू नका. त्यांना वर्षभर भेटताच. नदीपलीकडची माणसं शोधा, जेवणाच्या रांगेत त्यांच्या मागे उभे राहा, नंबर घ्या.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. मागच्या तपासणीचा शेरा झेरॉक्स करून पिशवीत टाका. ‘दाखल नोंदवहीत किमतीचा रकाना अपूर्ण’, ‘देवघेवीच्या नोंदी नियमित नाहीत’, ‘बालविभाग स्वतंत्र नाही’ अशा एकेका ओळीवर दर्जावाढ अडते. ‘ड’ चा ‘क’ व्हायचा असेल तर भाषणं कामाला येत नाहीत. त्याच शेऱ्यातून बाहेर पडलेलं दुसरं वाचनालय शोधावं लागतं. त्यांनी नोंदी कशा लावल्या, कोणता कागद आधी जोडला, कोणत्या टेबलावर काय अडलं, हे त्यांच्याच तोंडून ऐका. वहीत लिहून घ्या. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या समान निधी आणि असमान निधी अशा योजना आहेत. प्रतिष्ठान 1972 पासून काम करतंय, तरी खेड्यातल्या कित्येक कार्यकारिणींना या दोन योजनांमधला फरक सांगता येत नाही. अर्ज केलेला माणूस तो दहा मिनिटांत समजावून देतो. असा माणूस अधिवेशनात हमखास सापडतो, आणि बहुतेक वेळा तो मागच्या खुर्च्यांवर बसलेला असतो.

या अधिवेशनांना मी कमी लेखत नाही. उलट, त्यांच्या ताकदीचा विसर पडलाय याचा मला राग आहे. मुंबई प्रांतात फैजी समितीने ग्रंथालयांचा आराखडा 1940 च्या सुमारास मांडला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला 1967 साली. मधल्या पाव शतकात हा विषय जिवंत ठेवला तो बिनपगारी कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्या संघांनी. त्याच कायद्याने राज्य ग्रंथालय परिषदेवर ग्रंथालय संघांच्या प्रतिनिधींना जागा दिली. म्हणजे स्वयंसेवी कार्यकर्त्याचं म्हणणं मंत्र्यांपर्यंत न्यायची वाट कायद्यातच आहे. आज राज्यात दहा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. एवढ्या मोठ्या पसाऱ्याने आपला आवाज हारतुऱ्यांखाली दाबून ठेवावा, हे मला पटत नाही.

उद्घाटन लांबतं, सत्कार त्याहून लांबतात, आणि ठराव वाचायची वेळ येते तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. लांबची माणसं गाडी पकडायला निघालेली असतात. आयोजकांनी ठरावांचं सत्र पहिल्याच दिवशी सकाळी ठेवावं. ऐकण्यासारखं काही असलं की माणसं बसून राहतात, हे यवतमाळकरांना सांगायला नको. जानेवारी 2019 मध्ये इथल्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन शेतकऱ्याच्या विधवा पत्नी वैशाली येडे यांनी केलं आणि सगळा मंडप कान देऊन ऐकत राहिला. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे त्याच्या हातात माइक गेला की लोक उठून जात नाहीत. ग्रंथालय अधिवेशनात तो माइक एखाद्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाला द्या. महिन्याकाठी हातात काय पडतं आणि हप्ता लांबला की घर कसं चालतं, हे त्याला सांगू द्या.

ठरावाची भाषाही सुधारायला हवी. ‘अनुदानात भरीव वाढ करावी’ या ओळीवर कोणताही अधिकारी मान डोलावतो आणि फाइल मिटतो. त्याऐवजी आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक वाचनालयाला परिरक्षण अनुदानाचा पहिला आणि दुसरा हप्ता कोणत्या तारखेला मिळाला, तेवढं एका कागदावर मांडून न्या. उमरखेड तालुक्याने हा तक्ता केला, पुसदने केला, नदीपलीकडून हिमायतनगरने केला, तर ठरावाला जोडायला पुरावा तयार होतो. त्या तारखांपुढे गोलमोल उत्तर देता येत नाही.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत कार्यकारिणीची बैठक बोलवा. कोण भेटलं, शेऱ्यातल्या कोणत्या ओळीवर काय उपाय कळला, कोणता अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा आणि तो कोण लिहिणार, एवढं इतिवृत्तात आलं पाहिजे. त्याचीच एक प्रत वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ, फळ्यावर लावा. रोज सकाळी पेपर वाचायला येणारे म्हातारे आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं ती वाचतील. भाड्याचे पैसे त्यांच्याही वर्गणीतून गेलेत. अर्ज गेला की नाही, हे त्यांनी पुढच्या महिन्यात खुशाल विचारावं.