मोत्याचं माप

दिल्लीच्या ताईला अमरावतीचा मोत्या हवा होता आणि मोत्याला विमानात बसायला पेटी. १६ एप्रिल २०२५ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून आमच्या गल्लीत सगळेच विमानतज्ज्ञ. पण ते एटीआर ७२ जातं मुंबईला. मोत्याचं बुकिंग नागपूरहून. आणि पेटी बनवणारा मिस्त्री मामांच्या ओळखीचा, म्हणजे अकोल्यात. नागपूरला जायचं म्हणून आम्ही पश्चिमेला निघालो.

याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर अंथरून गिनीज विक्रम झाला. मोत्यानं विक्रमाचा मान राखला. उलटी थेट मूर्तिजापुरात केली.

मामा फाटकातच उभे. "काऊन बे, कुत्रं इमानानं जाते? मी अजून नागपूरच्या पुढं नाई गेलो!" मग मिस्त्रीकडे वळून, "मोठीच बनव रे. एखादा पाहुणा आला तं?"

फार मोठी बरी नाही. विमान हललं की मोकळ्या जागेत कुत्रा आपटतो. आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं, सूत्रच आहे: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवा, ती पेटीची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट केली की पेटीची रुंदी. उंची उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंत किंवा कानांच्या टोकांपर्यंत, जे वर असेल ते; अंथरुणाची जाडी निराळी. आत त्याला उभं राहता, वळता, नीट लोळता आलं पाहिजे.

"लोळता?" मामा म्हणाले. "हा नियम लग्नाच्या ट्रॅव्हल्सले काऊन नाई लावत?"

सत्तर आणि पंधरा, लांबी पंच्याऐंशी सेंटिमीटर. रुंदी चाळीस. इथवर मिस्त्रीची पेन्सिल सुसाट होती. काम अडलं ते कानांवर. मोत्याचे कान पडेल, उंची बावन्न. तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला, "आलूबोंडे झाले हो!" कान ताठ. टेप साठावर.

"भाऊ, कोणतं लिहू?" मिस्त्रीनं विचारलं.

माझं मत बावन्नाचं होतं. सामानाच्या कप्प्यात आलूबोंडे कोण तळणार? मामा मात्र नियमावर आले. "जे वर असन ते, असं लिवलं हाय ना? मंग? इमानात कोणाच्या डब्याचा वास आला तं लेकराचं डोकं आपटन."

साठ लिहिलं. वर अंथरुणाचे चार.

पेटी झाली. हवेची भोकं, बाहेरून भरता येणारी पाण्याची वाटी, आतून एकही खिळा डोकावत नाही असं काम. प्रवासाआधी कुत्र्याला पेटीची सवय करावी, खाऊ दाखवून हळूहळू आत न्यावं, असं जाणकार सांगतात. मोत्या आपणहून शिरला, एक गिरकी घेतली, लोळला आणि बाहेर यायला तयार होईना. बोंडा दाखवला, त्यानं मान बाहेर काढून बोंडा घेतला आणि पुन्हा आत.

आता पेटी आमच्या मारुतीच्या डिकीत मावेना, मागच्या दारातूनही जाईना. गाडीचं माप कोणी घ्यायला सांगितलंच नव्हतं. शेवटी मामांनी छोटा हत्ती बोलावला. चालक म्हणाला, कुत्र्यासोबत मागे एक माणूस लागेल.

मामांनी टोपी घातली. "चाल. नागपूरपावतर तं मी येतोच."