पॉइंटवाले दाजी

बस्ता बांधून झाला, पोरीच्या बापानं पैशासाठी पिशवीत हात घातला, की मागून आवाज येतो, "नगद कशाला द्यायलाव? माझं कार्ड घासा, मला फोनपे करा!" हे पॉइंटवाले दाजी. नांदेड-लातुरात हल्ली भावकीगणिक असा एक दाजी निघतो.

कार्ड घासून मिळणारे दाजींचे पॉइंट विमानात कमी आणि जमिनीवर जास्त पिकतात. लातूरला नीटच्या क्लासला येणाऱ्या भाचरांची फी, सोयाबीनचं बियाणं, सासऱ्यांचा मोतीबिंदू, सगळं त्यांच्या कार्डावर. चुलत्याच्या तेराव्याचा किराणाही. त्या दिवशी कुणीतरी विचारलं, "किती झाले?" दाजी म्हणाले, "साडेचारशे." आचाऱ्यानं तेवढी पानं धरली.

२७ एप्रिल २०१७ ही तारीख त्यांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. त्या दिवशी 'उडान' योजनेतलं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या जागांचं भाडं २५०० रुपयांच्या आत. पुढं ते विमान चालवणारी ट्रूजेट कंपनीच बसली. त्याआधी किंगफिशर २०१२ मध्ये गेली, जेट २०१९ मध्ये. पण जेटचे पॉइंट 'इंटरमाइल्स' हे नाव घेऊन मागं राहिले, त्यातून दाजींनी मिक्सर काढला. विमानकंपनी बुडाली, घरात शेंगदाण्याची चटणी सुरू झाली. एवढा परतावा सोसायटीच्या शेअरवरही कुणाला मिळाला नसेल!

यंदा नातीच्या बारशाला मुंबईला जायचं होतं. लातूरला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान नाही. रात्री लातूर एक्सप्रेसला बसलं की सकाळी मुंबई, हा सरळ मार्ग. दाजींना मात्र पॉइंटवर 'फुकट' तिकीट सापडलं, हैदराबाद ते मुंबई, व्हाया बेंगळुरू. वर कर तेवढा भरायचा. हैदराबादपर्यंत भाड्याची गाडी केली, तिचे पैसे हिशेबात धरायचे नसतात. विमानतळाच्या लाउंजमध्ये दोन रुपयांत कार्ड घासून उपमा खाल्ला, मग इडली, मग पुन्हा उपमा. त्याआधी सामान पंधरा किलोच्या वर गेलं, तेव्हा बहिणीनं बाळंतिणीसाठी दिलेले डिंकाचे लाडू दोन्ही खिशांत आले आणि स्वेटर भर मे महिन्यात अंगावर चढला.

पोचेपर्यंत बारसं होऊन पाळणा घडी झाला होता. लेक रुसली, जावई गप्प. दाजींचाही चेहरा पडलेला पाहून विहीणबाईंनीच समजूत घातली, "असू द्या, चालायचंच."

"तसं नाही हो," दाजी खिशातला लाडू काढत म्हणाले, "पॉइंटच्या तिकिटावर पॉइंटच देत नाहीत म्हणे."